‘मला दत्तक घ्याल का?’ : मोंदोच्या प्रश्नाला फ्रान्सचा कायदा काय उत्तर देतो

नीस शहरात एक दहाएक वर्षांचा मुलगा रस्त्यानं हिंडतो. कुणाचा, कुठला, कुणाला ठाऊक नाही. समोरून येणाऱ्याचा चेहरा आवडला की थांबतो आणि विचारतो, "मला दत्तक घ्याल का?" समोरचा गडबडतो. तो सावरेपर्यंत पोरगा पुढे निघून गेलेला असतो.

हा मोंदो. जे. एम. जी. ल क्लेझियो यांच्या १९७८ च्या कथासंग्रहातली ही शीर्षककथा. लेखक स्वतः नीसचेच, जन्म १९४०, पुढे २००८ चे नोबेल विजेते. या कथेवर टोनी गातलिफ यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. कथेतल्या मुलाला जातगोत नाही. गातलिफनं भूमिका दिली ती रुमानियातून आलेल्या ओविडिउ बालान या रोमा मुलाला, आणि तेवढ्या एका निवडीनं कथेचा रंग पालटला. अल्जियर्समध्ये १९४८ साली जन्मलेल्या गातलिफची आई जिप्सी, म्हणजे रोमाच, त्यामुळे हा विषय त्याच्या घरचाच. जादूगाराच्या भूमिकेत फिलिप पेती आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये बांधलेल्या तारेवरून चालला, तोच हा माणूस.

बघणाऱ्याला मोंदोचा प्रश्न कविता वाटतो. पण ती एक कायदेशीर विनंतीसुद्धा आहे. समजा, कुणी पटकन "हो" म्हणालं असतं, तर? त्या दिवशी तरी काहीच घडलं नसतं. दत्तक हा मूल आणि मोठं माणूस यांनी आपसात ठरवण्याचा व्यवहार नाही. मोंदो विचारतो, मला कोण घेणार? यंत्रणा विचारते, तुझे आईबाप कुठे आहेत? या दोन प्रश्नांची गाठ पडायला किती कागद लागतात, ते पाहू. खाली सांगितलेला कायदा आजचा आहे, १९९५ चा नव्हे.

आधी रोमा म्हणजे कोण, ते थोडक्यात. साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघालेल्या लोकांचे हे वंशज, आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांची भाषा. रोमानीत माणूस म्हणजे ‘मनुश’, नाक ‘नाख’, कान ‘कान’, पाणी ‘पानी’, भूक ‘बोख’. रोमा मुलगा म्हणजे ‘छावो’, आणि आपला छावा त्याच घराण्यातला. आकडे तर प्रवासाचा नकाशाच काढून देतात: एक ते सहा आपल्या ओळखीचे, पण सात-आठ-नऊ ‘एफ्ता, ओख्तो, एन्या’, म्हणजे थेट ग्रीक. वाटेत ग्रीकभाषक मुलखात बराच मुक्काम पडला होता, हे त्यावरून कळतं.

फ्रान्समध्ये मात्र एका नावाखाली दोन वेगळे गट सर्रास कोंबले जातात. एक पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच नागरिक असलेले, कॅराव्हॅनमधून फिरणारे ‘जाँ द्यू व्हॉयाज’. दुसरा, १९९० नंतर रुमानिया-बल्गेरियातून आलेले गरीब रोमा, जे मुळात फिरस्ते नाहीतच. गावाकडे त्यांची घरं होती. इथे पत्र्या-फळ्यांच्या झोपडपट्टीत राहतात, कारण दुसरं काही परवडत नाही. हे दोन्ही देश १ जानेवारी २००७ ला युरोपीय संघात आले, पण फ्रान्सनं त्यांच्या नागरिकांवर कामाच्या परवान्याची अट २०१३ च्या अखेरीपर्यंत ठेवली होती. यायला मोकळीक आणि कमवायला आडकाठी, अशी सात वर्षं गेली. झोपडपट्ट्या का वाढल्या, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आता मोंदोकडे. समजा, पहाटे बाजारात भाजीच्या खोक्यांआड झोपलेला तो कुणाला दिसला. आपल्याकडे जसा १०९८, तसा फ्रान्समध्ये ११९: फुकट, चोवीस तास चालू, आणि फोनच्या बिलावर न उमटणारा. (११५ हा बेघरांच्या निवाऱ्याचा नंबर, एकट्या मुलासाठी ११९ च लावायचा.) तिथून माहिती जाते ती त्या जिल्ह्याच्या, म्हणजे देपार्तमांच्या, बालसंरक्षण खात्याकडे. या खात्याला सगळे ‘आ-एस-ए’ म्हणतात. लक्षात ठेवायचं ते हे की बालसंरक्षण पॅरिसहून चालत नाही. ते जिल्हा परिषदेच्या हातात आहे, त्यामुळे एका जिल्ह्यातली वागणूक दुसऱ्यात मिळेल, याची हमी नाही.

खातं मुलाला तातडीनं आसरा देऊ शकतं. आईबापांची संमती घेता येत नसेल तर असं ठेवण्याची मुदत पाच दिवस. तेवढ्यात पालक सापडले नाहीत तर प्रकरण न्यायव्यवस्थेकडे न्यावंच लागतं. मग सरकारी वकील तात्पुरत्या ताब्याचा आदेश काढतो आणि आठ दिवसांच्या आत बालन्यायाधीशासमोर जातो. हा न्यायाधीश फक्त मुलांची प्रकरणं बघतो. फ्रान्समध्ये हे पद १९४५ पासून आहे. तो पंधरा दिवसांत संबंधितांना बोलावतो. समज असलेल्या मुलाचं म्हणणं त्याला ऐकावं लागतं, मुलाला वकीलही मिळू शकतो. मूल कुणाच्या हवाली करायचं, याचा आदेश जास्तीत जास्त दोन वर्षांचा, पुढे वाढवता येणारा. आधार दिवाणी संहितेच्या कलम ३७५ चा: मुलाचं आरोग्य, सुरक्षितता किंवा नैतिकता धोक्यात असली, किंवा त्याच्या वाढीची परिस्थिती फार बिघडलेली असली, तरच न्यायाधीश हात घालतो.

कागदावर हे चोख दिसतं. गाडी अडते ती बहुतेकदा पहिल्या पाच दिवसांतच, कारण पोरगं पळून जातं. आणि ते पळतं यात नवल नाही. बालगृहात त्याची भाषा कुणाला येत नाही, दुभाषा दोन दिवसांनी मिळतो, तोवर त्याला एवढंच दिसतं की आपल्याला पकडून आणलंय. कथेत चापाकान नावाची एक करडी गाडी आहे. नीसच्या बोलीत हा शब्द कुत्री पकडणाऱ्याचा. मोंदो तिच्यापासून लपतो, कारण ती कुत्र्यांबरोबर पोरंही उचलते, असं त्याला वाटतं. मुलाच्या डोळ्यांनी बघितलं तर समाजसेवकाची गाडी आणि पोलिसांची गाडी यांत फरक करायला काही खूण नसते. शेवटी मोंदोला पकडून संस्थेत नेतात, आणि तो तिथे राहत नाही. कवीकल्पना म्हणून हे सोडून देऊ नका. बालगृहात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरी अडचण वयाची. दहा वर्षांच्या मुलाला ती येत नाही. पण तो पंधरा-सोळाचा, एकटा आणि परदेशी असेल तर ‘एम-एन-ए’, म्हणजे सोबत पालक नसलेला अल्पवयीन, या वर्गात धरला जातो आणि पहिली तपासणी होते ती खरोखर अल्पवयीन आहे का याची. मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय सांगण्याची पद्धत अजून चालते. कलम ३८८ नं तिला बंधनं घातली आहेत: न्यायालयाचा आदेश हवा, मुलाची संमती हवी, अहवालात चुकीची शक्यता किती हे लिहायला हवं, नुसत्या हाडांवरून निकाल देता येत नाही आणि शंका राहिली तर फायदा मुलाला. कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेनं २१ मार्च २०१९ ला हीच बंधनं अधोरेखित केली. त्यामागचं कारण साधं आहे: सोळा आणि अठरा यांतला फरक हाड नेमका सांगू शकत नाही, आणि कायद्याचं सगळं गणित नेमकं त्या फरकावर.

मूल रुमानियाचं निघालं तर त्याला सरळ परत पाठवत का नाहीत? अल्पवयीन मुलाला फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना लागत नाही, आणि देश सोडण्याचा आदेश त्याच्यावर काढता येत नाही. रुमानियाशी मात्र वेगळा इतिहास आहे. एकट्या रुमानियन मुलांबाबत दोन्ही देशांनी २००२ मध्ये करार केला. नंतरच्या, २००७ च्या, कराराला संसदेनं मंजुरी दिली, पण घटना परिषदेनं ४ नोव्हेंबर २०१० ला ती अडवली. आक्षेप असा की त्या करारानं बालन्यायाधीशाला वगळून मुलाला परत धाडता आलं असतं आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय नव्हती. घरी पाठवणं हे मुलाच्या भल्याचं असूही शकतं. ते कुणीतरी तपासलं पाहिजे, एवढाच मुद्दा होता. ज्या वर्षी झोपडपट्ट्या उठवण्याच्या सरकारी परिपत्रकात रोमांचा नावानिशी उल्लेख झाला, त्याच वर्षाचा हा निकाल. ते परिपत्रक ५ ऑगस्ट २०१० चं, आणि पुढच्या एप्रिलात फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यातला तो भाग रद्द केला.

आता थी-शिन. टेकडीवरच्या बागेच्या घरात एकटी राहणारी, मूळची व्हिएतनामची बाई. तिच्या घरी मोंदो झोपतो, खातो, बरा होतो. कायद्यानं तिची स्थिती काय?

आधी धोका बघू. ज्यांचा मुलावर हक्क आहे त्यांच्या हातून मूल बाहेर काढणं हा गुन्हा आहे, जबरदस्ती किंवा फसवणूक नसली तरी: पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरो दंड. मोंदोवर कुणाचाच हक्क दिसत नाही, त्यामुळे हे कलम तिला लागू करणं अवघड. उलट बाजूनंही फास आहे. पंधराच्या आतल्या मुलाची आबाळ किंवा छळ होतोय हे माहीत असून न कळवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरो. थोडक्यात, त्याला सूप पाजलं म्हणून कुणी तिला धरणार नाही, पण कुणाला न सांगता त्याला महिनाभर ठेवून घेणं शहाणपणाचं नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी कळवावं.

आणि कळवताना तिनं मागावं ते दत्तक नव्हे. ही जागा बहुतेकांना ठाऊक नसते. बालन्यायाधीश मुलाला ‘तिएर दीन्य द कॉन्फियांस’कडे, म्हणजे विश्वासपात्र त्रयस्थाकडे, सोपवू शकतो. नातं लागत नाही, दत्तकासाठीची पात्रता लागत नाही, आणि मुलाच्या खर्चासाठी जिल्ह्याकडून भत्ता मिळतो. २०२२ च्या फेब्रुवारीतल्या कायद्यानं तर असं ठरवलं की तातडीची वेळ सोडली तर मूल खात्याकडे देण्याआधी न्यायाधीशानं नातेवाईक किंवा असा त्रयस्थ आहे का हे आधी तपासून घ्यायचं. थी-शिननं न्यायाधीशाला साध्या कागदावर पत्र लिहावं: मी कोण, मुलाला कधीपासून ओळखते, तो कुठे झोपेल, शाळा किती लांब आहे, माझं उत्पन्न किती. सोबत ओळखपत्र आणि घराचा पुरावा. मग समाजसेवक घर बघून जातो. मोंदोच्या प्रश्नाला कायद्याकडून मिळू शकणारं सगळ्यात लवकरचं "हो" ते हेच, आणि मुलाचं आयुष्य कायमचं बांधून न टाकणारं असल्यामुळेच ते लवकर मिळू शकतं.

इथे चित्रपटाची एक दिशाभूल नोंदवायला हवी. मोंदो पोरका आहे. फ्रान्समधल्या झोपडपट्टीतलं रोमा मूल बहुतेकदा पोरकं नसतं. आई, बाप, आजी, चार भावंडं, सगळी एकाच झोपडीत असतात. त्याला दत्तक आईबाप नकोत, पाण्याचा नळ आणि शाळा हवी. नुसत्या गरिबीपायी मूल काढून नेता येत नाही. घर अपुरं म्हणून मुलं संस्थेत ठेवणाऱ्या चेक प्रजासत्ताकाला युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २००६ मध्ये चुकीचं ठरवलं होतं. जिप्सी मुलं पळवतात, ही अफवा युरोपात शतकानुशतकं जुनी. खरी भीती उलट दिशेची: झोपडपट्टीतल्या आया समाजसेवकापासून लांब राहतात, कारण तो मुलं उचलून नेईल असं त्यांना वाटतं. त्या भीतीपायी लसीकरण चुकतं, शाळेचा अर्ज भरला जात नाही.

शाळेची बाब मात्र आता कागदावर तरी सोपी झालीय. तीन ते सोळा वर्षं शिक्षण सक्तीचं आहे. तीनपासूनची सक्ती २०१९ च्या कायद्यानं आली. प्रवेशासाठी नगरपालिका काय मागू शकते याची यादी जून २०२० च्या हुकुमात आहे: मुलाची ओळख, जबाबदार मोठ्यांची ओळख आणि पत्ता. पत्ता कोणत्याही मार्गानं दाखवता येतो, सहीनिशी दिलेलं स्वतःचं निवेदनसुद्धा चालतं. म्हणजे विजेचं बिल नाही म्हणून परत पाठवणं बेकायदा. तरी पाठवलं तर पुढची पायरी जिल्ह्याच्या शिक्षण संचालकाची. महापौरानं योग्य कारणाशिवाय नाकारलं तर तो स्वतः प्रवेश देऊ शकतो. नकार लेखी मागा, हा कार्यकर्त्यांचा पहिला सल्ला असतो. तोंडी "जागा नाही" याविरुद्ध दाद मागणं फार अवघड जातं. प्रवेशानंतर नवख्या मुलांना वेगळ्या वर्गात फ्रेंच शिकवतात, प्राथमिकमध्ये आठवड्याला किमान ९ तास, माध्यमिकमध्ये १२. मोंदोला अक्षरं शिकवतो तो समुद्रकाठचा एक म्हातारा, गोट्यांवर कोरून. दृश्य सुंदर आहे, पण गोट्यांवरच्या अक्षरांना हजेरीपट नसतो, आणि पुढे सगळीकडे हजेरीचाच दाखला मागतात.

हा दाखला कामाला येतो, आणि तो हातचा जातो झोपडपट्टी उठवल्यावर. बुलडोझर आल्यावर कुटुंब दुसऱ्या गावाच्या हद्दीत सरकतं, नवी नगरपालिका, नवा अर्ज, मध्ये दोन-तीन महिने शाळा बुडते. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूंना घराबाहेर काढता येत नाही. २०१७ पासून झोपडपट्ट्यांनाही हे संरक्षण मिळालं, पण न्यायाधीश ते काढून घेऊ शकतो आणि धोक्याचं कारण देऊन काढलेल्या प्रशासकीय आदेशाला ते लागूच नाही. त्यामुळे जानेवारीतही वस्त्या उठतात.

आता उरला पोरका मोंदो, ज्याचे आईबाप खरोखरच सापडत नाहीत. त्याच्यासाठी दत्तकाची वाट आहे, आणि ती जन्मदाखल्यापासून सुरू होते. जन्माचा कागद नसलेल्या, खात्याच्या पालकत्वाखालच्या मुलासाठी दिवाणी संहितेचं कलम ५८ तात्पुरता दाखला करून देतं. त्यात दिसण्यावरून वयाला साजेशी जन्मतारीख लिहितात आणि जन्मस्थान म्हणून ते गाव, जिथे मूल सापडलं. म्हणजे तो कुठूनही आलेला असला तरी कागदावर नीसचा होतो.

आईबाप कोण हे ठाऊक नसलेलं किंवा त्यांच्याशी नातं सिद्ध न झालेलं मूल खात्याकडे दोन महिन्यांहून जास्त राहिलं की ते ‘प्युपी द लेता’, सरकारचं पाल्य, होऊ शकतं. त्याचा पालक प्रीफे, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, आणि सोबत एक कुटुंब परिषद. हे जाहीर झाल्यावर कुणी नातेवाईक पुढे आला तर त्याला ठराव कळल्यापासून तीस दिवसांत न्यायालयात जाता येतं. आईबाप माहीत आहेत पण वर्षभर त्यांनी फिरकूनही पाहिलं नाही, अशा मुलांसाठी न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेण्याचा वेगळा, लांबचा मार्ग आहे.

दत्तक घेणाऱ्याकडून काय लागतं? एकटं माणूसही चालतं, वय किमान २६. मुलात आणि त्याच्यात निदान १५ वर्षांचं अंतर हवं; फार मोठं, पन्नासहून जास्त, असेल तर सबळ कारण द्यावं लागतं. समाजसेवक आणि मानसशास्त्रज्ञ भेटी घेतात, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष नऊ महिन्यांत पात्रता देतो किंवा नाकारतो, ती पाच वर्षं टिकते, आणि दर वर्षी "अजून इच्छा आहे" असं कळवावं लागतं. विसरलं तर पात्रता जाऊ शकते. बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलासाठी रांगेत फारसं कुणी नसतं. एक सूट मात्र आहे: खात्यानं ज्यांच्याकडे हे पाल्य सोपवलंय त्यांचा आणि त्याचा जिव्हाळा जडला असेल तर त्यांनाच ते दत्तक देता येतं. थी-शिनचं ते साधं पत्र इथे कामाला येऊ शकतं.

पूर्ण दत्तक आणि साधं दत्तक, असे दोन प्रकार. पूर्ण दत्तकात जुना दाखला बाजूला पडून नवा तयार होतो, मूळ नातं संपतं. मूल पंधराच्या आतलं आणि किमान सहा महिने त्या घरात राहिलेलं असावं लागतं. साध्या दत्तकात जुनं नातंही राहतं, मोठ्या मुलांना तेच बरं पडतं. निकाल न्यायालयाचा. दत्तक नाहीच झालं, तरी खात्याकडे सोपवून तीन वर्षं झालेलं मूल अठराच्या आत फ्रेंच नागरिकत्व मागू शकतं.

दहाव्या वर्षी हाती लागलेला मोंदो तीन वर्षांनी तेरा ओलांडतो. तेरानंतर दत्तकाला मुलाची स्वतःची संमती लागते. आता नोटरीसमोर बसून त्यालाच विचारतात: ही बाई तुला दत्तक घेऊ इच्छिते, चालेल का? न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तो आपलं "हो" कधीही परत घेऊ शकतो.